जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क बदलताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं दुकान नाही. पण गेल्या दहा-बारा वर्षांत नातेवाईक, शेजारी आणि शेजाऱ्यांचे नातेवाईक असे मिळून बरेच लॅपटॉप माझ्या जेवणाच्या टेबलावर उघडले गेले आहेत, आणि प्रश्न दर वेळी तेच येतात. म्हणून उत्तरं एकदा लिहून टाकतो. हे सगळं साधारण २००८ ते २०१८ मधल्या, फिरणारी हार्ड डिस्क असलेल्या लॅपटॉपांबद्दल आहे.

लॅपटॉप फार स्लो झालाय. डिस्क बदलून खरंच फरक पडतो का?

पडतो. नुसतं फॉरमॅट मारून किंवा अँटीव्हायरस काढून जेवढा पडतो त्याच्या कितीतरी पट.

कारण साधं आहे. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमधली तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. हवी ती माहिती तबकडीवर जिथे असेल तिथे आधी वाचणारा दांडा सरकतो, आणि मग ती जागा फिरत फिरत त्याच्याखाली येईपर्यंत थांबतो. सरकण्यात १२ मिलिसेकंदांच्या आसपास जातात, थांबण्यात सरासरी साडेपाच. हिशेब केला तर सेकंदाला फार तर ५५ ते ६० ठिकाणं. हिच्या जागी आपण बसवतो ती एसएसडी. तिच्यात फिरणारं, सरकणारं काहीच नाही, सगळा कारभार चिपमधला. तिथे एका ठिकाणाहून वाचायला मिलिसेकंदाचा दहावा भागही पुरतो.

वाण्याच्या दुकानात एकच पोऱ्या आहे आणि प्रत्येक जिन्नस माळ्यावर आहे असं समजा. तुम्ही तांदळाचं पोतं मागितलंत तर एकदा चढला, पोतं घेऊन उतरला, काम झालं. म्हणूनच जुन्या डिस्कवरही सिनेमा बरा चालतो. पण यादीत चार लवंगा, दोन वेलदोडे, चिमूटभर हिंग अशा दोन हजार पुड्या असतील तर पोऱ्या दिवसभर शिडीवरच. विंडोज सुरू होताना नेमकी अशी यादी देते.

माझ्या मावशीचा २०१३ चा लॅपटॉप. बटण दाबून ती देवाची फुलं काढायला गच्चीवर जायची आणि परत आल्यावरही पडद्यावर गोल फिरतच असायचं. मी घड्याळ लावून बघितलं: बटणापासून ब्राउझर उघडेपर्यंत ५ मिनिटं १० सेकंद. एसएसडी टाकल्यावर ३८ सेकंद. प्रोसेसर तोच, ४ जीबी रॅम तीच. मावशीची तक्रार अशी की आता फुलं आधी काढावी लागतात.

दोष डिस्कचाच आहे हे ओळखायचं कसं?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. लॅपटॉप अडकलेला असताना तिथे डिस्कच्या रकान्यात ९९-१०० टक्के आणि प्रोसेसरच्या रकान्यात १०-२० टक्के दिसत असेल, तर प्रोसेसर बिचारा डिस्कची वाट बघत बसलाय. विंडोज १० मध्ये त्याच खिडकीतल्या परफॉर्मन्स पानावर डिस्कचा प्रकारही लिहिलेला असतो. तिथे आधीच एसएसडी दिसत असेल तर हे सगळं तुमच्यासाठी नाही. रोग दुसरा आहे.

दुसरी तपासणी डिस्कच्या तब्येतीची. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, तो डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेल्या नोंदी वाचून दाखवतो. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे गेलीच. यादीत ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी बघा. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बाजूला काढलेल्या जागा, सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे निकालाच्या प्रतीक्षेत असलेल्या जागा, सी६ म्हणजे वाचता न येणाऱ्या. तिन्हीकडे शून्य असायला हवं. इथे आकडे सोळाच्या पायात दिसतात, त्यामुळे १० दिसलं तर ते १६ आहेत.

सी५ वाढत असेल तर पुढचे प्रश्न नंतर वाचा, आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या.

डिस्कमधून टक-टक असा आवाज येतोय. तरी चालू होते कधीकधी. काय करू?

बंद करा. आत्ता.

आमच्या इमारतीचे जुने सेक्रेटरी सोसायटीचे ९ वर्षांचे हिशेब एका लॅपटॉपवर ठेवत. आवाज यायला लागल्यावर त्यांनी दोन दिवस तो बंद-चालू, बंद-चालू केला. ‘दर चार वेळांनी एकदा होतो हो सुरू,’ असं मला सांगत होते. माझ्याकडे आला तेव्हा एकदाही झाला नाही. त्यानंतर दोन महिने समितीतली माणसं पावतीपुस्तकं घेऊन मेंटेनन्सचे आकडे नव्याने भरत होती.

तो आवाज म्हणजे दांडा जागा शोधतोय, सापडत नाही, मागे जातोय आणि पुन्हा शोधतोय. प्रत्येक प्रयत्नात तबकडीवर ओरखडा पडण्याची भीती असते. अशी डिस्क फ्रीजमध्ये ठेवू नका, घरी उघडूही नका, आत धुळीचा कण गेला तरी पुरे. माहिती खरोखर मोलाची असेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे जा. खर्च नव्या डिस्कच्या कितीतरी पट येतो, हे आधीच सांगतो.

डिस्क टकटकत नाही, फक्त काही फायली कॉपी होताना अडकते, अशी अवस्था असेल तर लिनक्सच्या (विंडोजऐवजी वापरता येणारी फुकट प्रणाली) पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम चालवता येतो. तो आधी सुस्थितीतला भाग भराभर वाचून घेतो आणि अडलेल्या जागांकडे शेवटी वळतो. साधं कॉपी-पेस्ट पहिल्याच खराब जागी डोकं आपटत बसतं.

पैसे एकाच गोष्टीचे आहेत. रॅम वाढवू की एसएसडी टाकू?

४ जीबी रॅम असेल तर आधी एसएसडी. २ जीबी असेल तर दोन्ही लागतील, आणि मग लॅपटॉपवर एवढा खर्च करायचा का हा प्रश्न आधी सोडवा. रॅम घेताना एक जपा: इंटेलच्या चौथ्या पिढीपासून पुढच्या, डीडीआर३ प्रकारची रॅम घेणाऱ्या लॅपटॉपांना तिचाच १.३५ व्होल्टचा प्रकार, डीडीआर३एल, लागतो. जुनी १.५ व्होल्टची त्याच खाचेत बसते, पण चालत नाही, आणि माणूस मदरबोर्ड गेला म्हणून हाय खातो.

माझ्या लॅपटॉपला कोणती एसएसडी बसेल?

लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह असेल, तर बहुतेक वेळा उत्तर एकच: अडीच इंची साटा एसएसडी. साटा हे डिस्क जोडायच्या पद्धतीचं नाव. आकार जुन्या डिस्कचाच, स्क्रूची भोकं त्याच जागी, आणि एकमेकांशेजारी दोन चपट्या पट्ट्या असलेला तोच जोड. छोटी पट्टी ७ पिनांची, माहितीसाठी, आणि मोठी १५ पिनांची, विजेसाठी.

फरक जाडीत पडतो. जुन्या डिस्क बहुधा साडेनऊ मिलिमीटरच्या, एसएसडी ७ मिलिमीटरची. डिस्क पत्र्याच्या चौकटीत स्क्रूने आवळलेली असेल तर याने काही बिघडत नाही. नुसती सरकवून बसवायची असेल तर अडीच मिलिमीटरची मोकळीक उरते आणि डिस्क हलते. त्यासाठी प्लॅस्टिकची चौकट मिळते, काही एसएसडींच्या खोक्यात ती असतेही. उलट थिंकपॅड एक्स२२० सारख्या लॅपटॉपात जागाच ७ मिलिमीटरची आहे, तिथे साडेनऊची डिस्क जाणारच नाही.

२००५-०६ च्या आधीचा लॅपटॉप असेल तर आत ४४ पिनांचा, साटाच्या आधीचा आयडीई जोड निघण्याची शक्यता मोठी. त्याच्या नादी लागू नका.

दुकानदार म्हणतो, एनव्हीएमई घ्या, सहापट फास्ट आहे.

एनव्हीएमई म्हणजे साटापेक्षा वेगवान पद्धतीने जोडली जाणारी एसएसडी. दुकानदाराचं म्हणणं खोटं नाही, पण ती तुमच्या लॅपटॉपात बसायला हवी ना.

ती बहुधा एम.टू आकारात येते. एम.टू हे नुसतं आकाराचं नाव आहे: च्युइंगगमच्या पट्टीसारखी एसएसडी, २२ मिलिमीटर रुंद आणि बहुतेक वेळा ८० मिलिमीटर लांब, म्हणून तिच्यावर २२८० लिहिलेलं असतं. त्या पट्टीच्या आत साटा असू शकतं किंवा एनव्हीएमई. बाहेरून दोघी बहिणी-बहिणी दिसतात. २०१५ ते २०१८ मधल्या पुष्कळ लॅपटॉपांत एम.टू खाच आहे, पण त्यातल्या काहींत फक्त साटाच चालते. खाचेत बसली म्हणजे चालली असं धरू नका. लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल नंबर टाकून कंपनीची सर्व्हिस मॅन्युअल शोधा, त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. शिवाय एनव्हीएमईवरून विंडोज सुरू व्हायला बायोसचीही (विंडोजच्या आधी जागा होणारा लॅपटॉपचा स्वतःचा प्रोग्रॅम) साथ लागते, आणि २०१२-१३ च्या लॅपटॉपांत ती सहसा नसते.

रोजच्या वापरात तो सहापट वेग जाणवतही नाही. फिरत्या डिस्कवरून साटावर येताना जमीन-अस्मानाचा फरक पडतो. साटावरून एनव्हीएमईवर जाताना मोठाल्या फायली कॉपी करणाऱ्यालाच काय तो कळतो.

माझ्या लॅपटॉपला साटा टू आहे. नवी एसएसडी साटा थ्रीची. चालेल?

चालेल. सेकंदाला ५५० एमबीऐवजी २८० च्या आसपास मिळतील. तुम्हाला गरज बारीक फायली पटकन सापडण्याची आहे, तो फायदा पुरेपूर मिळतो.

किती जीबीची घेऊ?

जुन्या डिस्कवर आत्ता किती भरलंय ते बघा आणि त्याच्या दीडपट घ्या. बहुतेकांना ४८० किंवा ५१२ जीबी पुरते. २४० ची घेणारे वर्षभरात ‘सी ड्राइव्ह लाल झाला’ म्हणत परत येतात. एसएसडी कधीच काठोकाठ भरू नये, १५-२० टक्के जागा मोकळी असली की तिला आतल्या आत आवराआवर करता येते, नाहीतर लिहिण्याचा वेग ढासळतो. २ टीबीच्या पुढे जाऊ नका: जुन्या बायोसचे लॅपटॉप एमबीआर या जुन्या पद्धतीने विभागलेल्या डिस्कवरूनच सुरू होतात आणि तिची मर्यादा तेवढीच आहे.

५१२ ची घेतली आणि विंडोज ४७६ दाखवतं. फसवलं का?

नाही. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. १ टीबी घ्याल तेव्हा ९३१ दिसतील.

कुठून घ्यावी? ऑनलाइन फारच स्वस्त दिसतात.

मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला एक चक्कर मारा, भावाचा अंदाज येतो. ऑनलाइन घ्यायलाही हरकत नाही. दोन्हीकडे अट एकच: नाव असलेली कंपनी, जीएसटीचं पक्कं बिल, आणि ३ किंवा ५ वर्षांची वॉरंटी. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीच्या वेळी तोच विचारतात.

‘१६ टीबी एसएसडी’ म्हणून किरकोळ किमतीला विकतात ती एसएसडी नसतेच. फोडली की आत एक मेमरी कार्ड गोंदाने चिकटवलेलं निघतं, आणि ते १६ टीबी असल्याचं खोटं सांगायला शिकवलेलं असतं. फायली भरत जाता, भरल्यासारख्या दिसतात, उघडत नाहीत. शंका असेल तर एच२टेस्टडब्ल्यू नावाचा प्रोग्रॅम डिस्क पूर्ण भरून परत वाचून बघतो. वेळ बराच लागतो, पण संशय फिटतो.

आहे ते सगळं तसंच नव्या डिस्कवर न्यायचं की नवीन विंडोज टाकायचं?

माझा कल नवीन टाकण्याकडे. दहा वर्षांच्या विंडोजमध्ये प्रिंटरचे चार ड्रायव्हर, दोन अँटीव्हायरसची उरलेली पिलावळ आणि कोणी कधी टाकले ते न आठवणारे टूलबार असतात. ते कशाला नव्या घरात न्यायचे?

पण काही वेळा क्लोनच (डिस्कची हुबेहूब नक्कल) बरं, खालचा टॅलीचा प्रश्न बघा. क्लोन करायला साटा ते यूएसबी अशी छोटी केबल घ्या. नवी एसएसडी तिने बाहेरून जोडायची, क्लोन करायचं, मग डिस्क बदलायची. काही एसएसडी कंपन्या स्वतःचं क्लोनिंग सॉफ्टवेअर फुकट देतात, ते सगळ्यात सोपं. क्लोनझिला कुठल्याही कंपनीच्या डिस्कवर चालतं, पण ते दोन्ही डिस्क एसडीए, एसडीबी अशा नावांनी दाखवतं आणि कुठून-कुठे हे तुम्हाला विचारतं. मी एकदा उलट उत्तर दिलं आहे. स्वतःच्याच लॅपटॉपवर. कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर मनोभावे उतरवली. तेव्हापासून दोन्ही डिस्कचे मॉडेल नंबर आधी कागदावर लिहितो, आणि एंटर दाबताना कागदावर बोट ठेवतो.

५०० जीबीच्या डिस्कवरून २४० च्या एसएसडीवर यायचं असेल तर आधी जुनं पार्टिशन (डिस्कवरचा कप्पा) आक्रसून लहान करावं लागतं. वीज जाऊ नये अशी वेळ ही. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा मेलेली असते, आणि पार्टिशन हलवताना लाइट गेली तर माहितीच जाऊ शकते. इन्व्हर्टर असलेल्या घरी बसून करा, भारनियमनाच्या गावात तर नक्कीच. नुसतं क्लोन चालू असताना लाइट गेली तर एवढं बिघडत नाही, जुनी डिस्क फक्त वाचली जात असते. पुन्हा सुरू करायचं.

क्लोन झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क जोडलेली ठेवू नका. दोघींची ओळखखूण एकच असल्यामुळे विंडोज गोंधळतं आणि एकीला बाजूला बसवतं. आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर आधी थांबवा, शिवाय ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवा. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते.

टॅली आहे, श्रीलिपी आहे, वीस वर्षांच्या फायली आहेत. त्यांचं काय होईल?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण बहुतेक जण तो डिस्क बदलून झाल्यावर विचारतात.

टॅलीचं लायसन्स त्या यंत्राशी बांधलेलं असतं. जुनी डिस्क चालू आहे तोवर टॅलीतूनच लायसन्स सरेंडर करा आणि नव्या डिस्कवर पुन्हा ॲक्टिव्हेट करा. दोन मिनिटांचं काम. विसरलात तर फोनाफोनीत दुपार जाते. कंपनीच्या हिशेबांचा डेटा फोल्डर वेगळा कॉपी करून घ्या. सीए लोकांच्या डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनला त्याचा ड्रायव्हर पुन्हा टाकावा लागतो. सही टोकनमध्येच असते, ती कुठे जात नाही.

मराठी फाँटचं दुखणं वेगळं. श्रीलिपी, कृतीदेव किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटांत टाइप केलेली फाइल आतून इंग्रजी अक्षरांचीच असते, फाँट तिला देवनागरीचा मुखवटा चढवतो. नव्या विंडोजवर तो फाँट नसेल तर लग्नपत्रिकेच्या जागी कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाइल बिघडलेली नसते. विंडोजचं फाँट्स हे फोल्डर आख्खं कॉपी करून ठेवा, नव्या डिस्कवर ते फाँट टाकले की पत्रिका परत येते. सॉफ्टवेअरची मूळ सीडी आणि डाँगल असेल तर कपाटातून आत्ताच शोधून काढा. एका छापखानेवाल्या मित्राचं सगळं या कारणासाठी मी क्लोन करून दिलं. त्याच्या पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरला हात लावायची माझी छाती झाली नाही.

युनिकोडमध्ये टाइप करत असाल तर यातलं काहीच लागू नाही.

विंडोज पुन्हा विकत घ्यावं लागेल?

सहसा नाही. विंडोज ८ पासून पुढे कंपनीने विंडोज टाकून विकलेल्या लॅपटॉपांत की बायोसमध्येच असते, आणि विंडोज १० चं डिजिटल लायसन्स मदरबोर्ड ओळखतं, डिस्क नव्हे. तीच आवृत्ती टाका, होम असेल तर होम. इंटरनेट जोडलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं.

पण विंडोज १० तर बंद झालं ना?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणजे आपण बोलतोय त्यातले बहुतेक लॅपटॉप बाद. आडवाटेने विंडोज ११ टाकता येतं, पण अशा यंत्रांना पुढे अपडेट मिळतीलच अशी हमी कंपनी देत नाही.

आईवडिलांना ब्राउझर, व्हिडिओ कॉल आणि पीडीएफ एवढंच लागत असेल तर मी सरळ लिनक्स मिंट टाकतो. मराठी इनस्क्रिप्ट टायपिंग त्यात उत्तम चालतं. टॅली लागत असेल तर हा रस्ता नाही.

उघडायचा कसा? मोडला तर?

मॉडेल नंबर टाकून व्हिडिओ शोधा आणि हात लावण्यापूर्वी तो शेवटपर्यंत बघा. लॅपटॉप-लॅपटॉपात एवढा फरक असतो की सरसकट कृती सांगता येत नाही. एक्स२२० ला बाजूचा एक स्क्रू काढला की डिस्क हातात येते. काहींना पोटाखाली छोटं झाकण असतं. आणि काहींना आख्खा तळ काढावा लागतो, ज्याचे दोन स्क्रू रबरी पायांखाली आणि एक डीव्हीडी ड्राइव्हच्या मागे लपलेला असतो.

आधी नीट बंद करा. विंडोज ८ आणि १० मधलं साधं शटडाउन हे अर्धवट झोपणं असतं. शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा. चार्जर काढा, बॅटरी काढा, मग पॉवरचं बटण १५ सेकंद दाबून ठेवा. बॅटरी आतली असेल तर तळ उघडल्यावर सगळ्यात पहिलं काम तिचा जोड सोडवणं.

स्क्रूसाठी घरातलं आप्पेपात्र घ्या. तळाचे मधल्या खळग्यात, डिस्कच्या चौकटीचे शेजारच्या, डीव्हीडीचा एकटा पलीकडे. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर वरच्या बाजूने कीबोर्डजवळ टेंगूळ येतं, म्हणून हा खटाटोप. स्क्रू ड्रायव्हर शून्य किंवा दोन-शून्य मापाचा फुलीचा हवा. घरातला मोठा वापराल तर डोकं झिजेल आणि मग तो स्क्रू जन्मात निघणार नाही.

तळ निघता निघत नसेल तर जोर लावू नका, एखादा स्क्रू राहिलाय. सगळे निघाले असतील तर जुन्या सिमकार्डाची कड फटीत घालून हळूहळू फिरवा, कट्-कट् आवाज करत खाचा सुटतात.

मावशीच्याच लॅपटॉपात कीबोर्ड आधी काढावा लागत होता. कीबोर्डखालून एक पातळ पट्टी मदरबोर्डला जाते, आणि तिथे नखाएवढी काळी पट्टी कुलपासारखी असते. ती वर उचलायची, मग केबल अलगद बाहेर येते. मी ती पुढे ओढली. टिक् झालं आणि काळा तुकडा टेबलावर उडाला. मावशी समोरच चहा घेऊन उभी, ‘झालं का रे?’ विचारत. केबल परत घालून वरून पिवळी कॅप्टॉन टेप लावली, तिच्यावर तो कीबोर्ड पुढे चार वर्षं चालला. पण तुम्ही आधी मोबाइलच्या टॉर्चमध्ये नीट बघा, कुलूप वर उघडतं की मागे सरकतं ते.

डिस्क वर उपटायची नाही, जोडापासून आडवी सरकवून काढायची. चौकटीचे चार स्क्रू काढून ती एसएसडीवर चढवा, त्याच दिशेने तोंड ठेवून. परत सरकवताना शेवटी किंचित अडल्यासारखं होऊन बसते.

अंगातल्या विजेची भीती पावसाळ्यात कोकणात जवळजवळ नसते. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत स्वेटर घालून गालिच्यावर बसलात तर आहे. आधी नळाला किंवा एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला हात लावा, पुरे.

बसवली, पण विंडोज टाकताना डिस्क दिसतच नाही.

आधी बायोसमध्ये बघा. तिथेही नाव नसेल तर जोड नीट बसलेला नाही, पुन्हा उघडा. बायोसमध्ये साटाचा मोड एएचसीआय ठेवा, आयडीई नको. हे विंडोज टाकण्याआधीच करायचं, नंतर बदललंत तर निळा पडदा येतो. क्लोन केलं असेल तर जुना मोड तसाच राहू द्या.

डिस्क दिसते पण ‘या डिस्कवर जीपीटी असल्याने टाकता येत नाही’ असं म्हणतं? जीपीटी ही एमबीआरनंतरची नवी पद्धत, आणि पेनड्राइव्ह मात्र जुन्या पद्धतीने सुरू झालाय. बूट मेनूत त्याच पेनड्राइव्हची दोन नावं दिसतील, यूईएफआय (नव्या धाटणीचं बायोस) लिहिलेलं निवडा.

डीव्हीडी ड्राइव्ह काढून तिथे जुनी डिस्क बसवता येते म्हणे?

येते. त्यासाठी लागणाऱ्या चौकटीला कॅडी म्हणतात. १२.७ आणि ९.५ मिलिमीटर अशा दोन जाडीत मिळते, आपल्या डीव्हीडी ड्राइव्हची जाडी मोजून घ्या. एसएसडी मुख्य जागी आणि जुनी डिस्क कॅडीत, उलट नको: डीव्हीडीचा जोड काही लॅपटॉपांत कमी वेगाचा असतो. पण जुनी डिस्क थकलेली असेल तर हा उपद्व्याप कशाला?

एसएसडी लवकर मरते असं ऐकलंय.

लिहून लिहून झिजते हे खरं, पण हिशेब बघा. किंग्स्टनच्या ए४०० या साध्या एसएसडीच्या २४० जीबी मॉडेलला कंपनी ८० टीबी लिहिण्याची क्षमता सांगते. रोज २० जीबी लिहिलंत, जे घरगुती वापरात होत नाही, तरी ४००० दिवस, म्हणजे जवळजवळ ११ वर्षं. तोवर लॅपटॉपची बिजागरी तुटलेली असेल.

डीफ्रॅगमेंट (फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं) करू नका, उगाच झीज. विंडोज ८ पासून पुढे ‘ऑप्टिमाइझ’ एसएसडीला योग्य तेच करतं, त्याला हात लावू नका.

खरी भीती दुसरी आहे. फिरती डिस्क मरताना आवाज करते, रेंगाळते, इशारे देते. एसएसडी काल चालू होती, आज नाही. त्यामुळे बॅकअप आता जास्तच नियमाने घ्यायचा.

जुन्या डिस्कचं काय करू?

चांगली असेल तर यूएसबी ३.० चं अडीच इंची केसिंग घ्या, चार स्क्रूंत बाहेरची डिस्क तयार. महिनाभर मात्र तिच्यावरचं काहीही पुसू नका. ‘अरे, ती एक फाइल राहिली’ हे तिसऱ्या आठवड्यात आठवतं.

विकायची किंवा द्यायची असेल तर नुसतं डिलीट किंवा क्विक फॉरमॅट पुरत नाही, आधार आणि पॅनच्या स्कॅन कॉपी फुकट सॉफ्टवेअरनेही परत काढता येतात. क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा, विंडोज ७ आणि पुढे त्यात सगळीकडे शून्यं लिहिली जातात. ५०० जीबीला दोन तास धरा. मेलेली असेल तर उघडून तबकड्या काढा. काही काचेच्या असतात आणि फुटतात, तेव्हा वर फडकं टाका. आतले दोन लोहचुंबक फेकू नका, फ्रीजला लावले तर आख्खी दिनदर्शिका पेलतात. बोट मात्र दोघांच्या मध्ये येऊ देऊ नका.

कुठल्या लॅपटॉपवर हा खर्च करू नये?

ज्याची साठवण मदरबोर्डवरच डकवलेली ३२ किंवा ६४ जीबी ईएमएमसी आहे, त्यात बदलायला काही नाही. पडद्याची बिजागरी तुटून तळाचं प्लॅस्टिक उचकटलंय, चार्जिंगचा जोड हलवल्याशिवाय चार्ज होत नाही, किंवा अधूनमधून आपोआप बंद पडतो, अशांवरही नको. मॅकबुक असेल तर वर्ष बघा: २०१२ चा १३ इंची, डीव्हीडीवाला मॅकबुक प्रो छान सुधारतो, फक्त त्याची डिस्कची पातळ केबल वरचेवर जाते, एसएसडीबरोबर तीही बदलून टाका. रेटिना पडद्याच्या मॅकबुकांत मात्र साधी अडीच इंची एसएसडी बसत नाही.

आणि लॅपटॉप अजून वॉरंटीत असेल तर उघडण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा, उत्तर ईमेलवर मागून घ्या.